भिंतीकडची ओळ

“आता टाचा जमिनीला देऊन टाका,” असं मऊताई खिडकीपाशी म्हणाली, आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या दोन्ही टाचा कुणाच्या तरी हातांत होत्या. त्याला आधी त्यात काही वावगं वाटलं नाही. नेहमीच असायच्या. शेवटी सगळे आडवे झाले, दिवे मालवले, डोळ्यांवर पट्टी आली, की थोड्या वेळानं पायांशी कुणीतरी येऊन बसायचं, ब्लँकेटची कड पावलांखाली खोचायचं आणि मग मोज्यांवरूनच दोन्ही पावलं तळव्यांत धरून थांबायचं. बरंच थांबायचं. हे कुणीतरी म्हणजे मऊताई, याबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. योगाचा वर्ग तिचा, आवाज तिचा, तेव्हा हातही तिचेच. पण खिडकी हॉलच्या त्या टोकाला आणि तो या टोकाला, भिंतीकडच्या ओळीत, खांबापाशी. आवाज तिकडं आणि हात इकडं. दोन्ही एकाच बाईचे असायला ती बाई हॉलच्या लांबीची हवी. पट्टीखाली त्याचे डोळे उघडले. समोर काळं कापड, आणि त्या कापडाला आधीच्या कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. हात तसेच होते. उबदार, कोरडे, कसलीही घाई नसलेले.

पट्टी जराशी वर करून बघणं काही अवघड नव्हतं. पण शवासनात डोळे उघडणाऱ्या माणसाबद्दल या हॉलमध्ये एक मत होतं, आणि ते मत त्याच्या पुढच्या मॅटवरच्या हेडबाईंनी त्याला पहिल्याच दिवशी कळवलं होतं. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. निवृत्ती फक्त शाळेला मिळाली होती. “डोळे मिटलेले असतात इथं,” त्या म्हणाल्या होत्या, आपण त्याचे उघडे डोळे कसे पाहिले हे न सांगता. तेव्हा तो तसाच पडून राहिला आणि त्यानं आपल्या धंद्याला शोभेल अशी पाहणी सुरू केली. हात बाईचे. नखं कापलेली. अंगठा तळव्याच्या खळग्यात ठेवायची सवय. हेडबाई नव्हेत, त्यांनी धरलं असतं तर पाय सावधान झाले असते. मग कोण? सगळ्या वर्गात असं कोण होतं, जिला त्याच्या पायांशी बसण्याचं कारण असावं? आणि इतके दिवस तो कुणाच्या हातांसाठी, स्वतःशीसुद्धा कबूल न करता, तो सगळा मऊपणा सहन करत आला होता?

कारण सहन करण्यासारखं पुष्कळ होतं. टाइल्सच्या दुकानाच्या वरचा हॉल, त्यामुळं जमीन दुकानाच्या शिल्लक मालाची, दर चार पावलांवर वेगळी आणि सगळीकडं सारखीच गार. दाराशी एक टोपली धुतलेल्या राखाडी मोज्यांची आणि एक राखाडी ब्लँकेटांची. जो येईल त्यानं उचलावं, जाताना टाकावं. दुसऱ्यांच्या पायांतले मोजे घालून आत्मशांती मिळवायची, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याच्या डोक्याची पाहणी व्हायला हवी, असं तो बायकोला पहिल्या दिवशी म्हणाला होता. बायको म्हणाली होती, “धुतलेले असतात हो.” तिच्याकडं प्रत्येक गोष्टीला असं एक वाक्य असायचं, धुतलेलं. आणि मग मऊताई. वयानं त्याच्या मुलीएवढी, तरी सगळे तिला ताई म्हणत, आणि तिला जगात एकच विशेषण माहीत होतं. खांदे मऊ सोडा. कपाळ मऊ. जीभसुद्धा मऊ, आतून. एकदा ती ‘विचारांना मऊ होऊ द्या’ असं म्हणाली तेव्हा त्याला मनापासून वाटलं होतं की हिला एक दिवस जळालेल्या गोदामात नेऊन उभं करावं, आणि म्हणावं, कर मऊ. इथं कुणी घाम गाळत नसे. हात वर नेणं हे एक काम होतं आणि खाली आणणं हे दुसरं, आणि दोन्हींबद्दल शाबासकी मिळत असे. “जेवढं जमतं तेवढंच,” मऊताई म्हणे, आणि ज्यांना आयुष्यात जेवढं जमलं तेवढंच करायची सवय होती असे लोक कृतज्ञतेनं माना डोलवत.

त्यातल्या त्यात त्याला सहन न होणारा माणूस म्हणजे सुस्कारे. खरं नाव काय होतं कुणास ठाऊक. हे नाव त्यानंच ठेवलं होतं आणि बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. बायको हसली होती, मग म्हणाली होती, “असं नका म्हणू, चांगले आहेत ते बिचारे.” सुस्कारे त्याच ओळीत, दाराकडच्या टोकाला असत. चष्म्याचं दुकान, टक्कल, पोट, आणि श्वास सोडताना ‘हाऽऽ’ असा आवाज. बस थांबून तिची दारं उघडावीत तसा. प्रत्येक आसनात. मऊताईनं पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा ती “छान, असाच मोकळा सोडा” म्हणाली, आणि तिथंच घात झाला. त्यानंतर हा गृहस्थ हॉलभर मोकळा होत सुटला. शेवटी आडवं पडल्यावर मात्र एकदम गप्प. जणू दिवसभराचा साठा संपला. बाहेर भेटला की हसून म्हणायचा, “काय साहेब, आज पाठ काय म्हणते?” जणू पाठ रोज त्याच्याशी बोलायला दुकानात येते. पोट पुढं टाकून बोलायची त्याची ती पद्धत, तो आपलेपणा. त्याच्याकडं बघताना आपलं स्वतःचं पोट नकळत आत ओढलं जातं, हे मात्र त्याच्या पाहणीतून निसटलं होतं.

पाहणी हा त्याचा व्यवसाय होता. विमा कंपनीचा सर्व्हेअर. आग लागली, पाइप फुटला, ट्रक कलंडला, की लोक आधी रडून घेत आणि मग हा जाई. जळक्या वासात, गुडघाभर चिखलात, हातात टॉर्च घेऊन तो भिंतीवर बोट फिरवी आणि त्याचा प्रश्न एकच असे: यातलं आधीचं किती आणि कालचं किती? लोकांना वाटतं नुकसान एका दिवसात होतं. त्याला ठाऊक होतं की पूर येतो तेव्हा भिंत आधीच ओली असते, वादळ येतं तेव्हा कडी आधीच गंजलेली असते. लोक आपलं जुनंपुराणं सगळं त्या एका दिवसाच्या माथी मारू बघतात, आणि तो ते शांतपणे वेगळं काढतो. “झीज भरून मिळत नाही,” हे वाक्य तो इतक्या मृदू आवाजात म्हणे, की काहींना ते सांत्वन वाटायचं आणि ते आभार मानायचे. माणसांकडंही तो तसाच बघे. लग्नसमारंभात, लिफ्टमध्ये, डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत. या बाईचं दुःख किती आणि सांगणं किती. या माणसाची नम्रता किती, गरज किती. हिशेब लागला की त्याला बरं वाटे आणि समोरच्याबद्दल थोडं कमी वाटे. डॉक्टरनं रक्तदाब बघितला, पावलं चाचपली, “पाय फारच गार आहेत तुमचे, रक्त खाली नीट पोचत नाही,” म्हणाला, आणि हलका योग करा, नियमित करा, असं सांगून बायकोकडं बघितलं. बायको तर आधीपासूनच जात होती. कितीतरी वर्षं संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन बाहेर पडायची आणि जराशी सरळ होऊन परत यायची, आणि त्यानं कधी चौकशी केली नव्हती; बायकांच्या अनेक खुळांपैकी एक म्हणून त्यानं ते मनातल्या मनात मंजूर करून टाकलं होतं.

आणि तरी तो येत राहिला. त्याचं कारण हे हात. पहिल्या आठवड्यात पायांना कुणी धरलं तेव्हा तो दचकला होता. पोटरी ताठली, आणि हातांनी काहीच केलं नाही, फक्त थांबले. कुणी त्याच्या अंगाला काही कामाशिवाय हात लावून बराच काळ लोटला होता. न्हावी, डॉक्टर, विमानतळावरचा तपासणारा. दुसऱ्या आठवड्यात तो आधीच वाट बघत होता. त्यानं कान देऊन ऐकलं होतं: शेजारच्या मॅटपाशी पावलं थांबायची, ब्लँकेट सरसरायचं, आणि लगेच पुढं. त्याच्यापाशी मात्र ती थांबायची. मग त्यानं एक निष्कर्ष काढला, आणि तो निष्कर्ष त्याच्या वयाच्या पुरुषाला शोभणारा होता. मऊताईला आपल्यात काहीतरी दिसतं. या सगळ्या ढिल्या, सुजलेल्या, कृतज्ञ लोकांत एक माणूस आहे जो मऊ होत नाही, हे त्या पोरीला कळलं आहे आणि त्याचं तिला आव्हान वाटतं. तो हे कुणाला बोलला नाही. पण वर्गाच्या दिवशी तो घरून निघताना दाढी करू लागला होता.

आता ते हात सुटले. ब्लँकेटवरून एकदा हलकं थोपटणं झालं, मग उठण्याची हालचाल, आणि उठताना एका गुडघ्यात ‘कट’ असं वाजलं. बारीकसं, कोरडं, वाळकी काडी मोडावी तसं. त्याला तो आवाज ठाऊक होता. स्वयंपाकघरातलं खालचं कपाट उघडताना वाजायचा. पलंगाखालची पेटी ओढताना वाजायचा. मुलीच्या शाळेत पालकांना बुटक्या बाकांवर बसवायचे, तिथून उठताना तो पहिल्यांदा वाजला होता, आणि तेव्हा दोघं हसले होते. उजवा गुडघा. पावलं पुढच्या मॅटकडं गेली. त्याच्या पायांशी बसणारी बाई त्याची बायको होती.

घरी परतताना गाडी तोच चालवत होता. बायको मांडीवर पिशवी धरून समोर बघत होती. दुकानांच्या पाट्यांचे रंग तिच्या तोंडावरून जात होते. पहिल्यांदा आला तो राग. फसवणूक झाल्याचा, आणि कुणी केली हे सांगता न येणारा. मग आली शरम, दाढीची. सिग्नलला थांबल्यावर तो अगदी सहज आवाजात म्हणाला, “ती तुमची ताई एवढ्या सगळ्यांचे पाय एकटीच झाकते का गं?”

“छे हो. आम्ही जुने चौघंजण उठतो ना. एकेकाला एकेक ओळ. मला भिंतीकडची.”

“म्हणजे माझी.”

“तुमची, सुस्काऱ्यांची, त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची. सगळ्यांची.” मग त्याच्याकडं वळून, “का? तुम्हाला काय वाटलं, कोण येतं?”

“मला काय वाटायचंय. मी झोपलेला असतो.”

“घोरत तर नसता.”

“आणि सगळ्यांना सारखंच धरायचं असतं? म्हणजे, किती वेळ वगैरे?”

“आता त्याला काय घड्याळ लावतं का कुणी? ज्याला जसं लागेल तसं.” ती पुन्हा समोर बघू लागली. “हिरवा झाला.”

ज्याला जसं लागेल तसं. म्हणजे काय? यात त्याचं किती आणि ओळीचं किती? ती त्याच्यापाशी थांबते ती तो आहे म्हणून, की खांबापाशी अंधार जास्त असतो आणि तिला तिथं टेकून घ्यायला बरं पडतं म्हणून? सरळ विचारलं असतं तर ती सरळ सांगणारी होती. तीच अडचण होती. विचारायचं तर आपण वाट बघतो हे सांगावं लागलं असतं. आणि समजा तिनं म्हटलं असतं, ‘अहो, ते होय, गुडघा दुखतो ना माझा, उठायला वेळ लागतो,’ तर? पुढचे काही दिवस तो घरात तिच्या हातांकडं बघत राहिला. ते हात कपडे घडी करत, मोबाइलवर मुलीचे फोटो मोठे करत, डब्याचं झाकण उघडलं नाही की झाकणावर थापट्या मारत. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत झोपू लागले त्याला कसलंही भांडण कारण नव्हतं. त्याच्या पाठीला कडक गादी लागे आणि तिला मऊ. मुलगी परदेशी गेली आणि एक खोली रिकामी झाली. हिशेब आपोआप बसला. पुरानं गेलेली भिंत नव्हती ती. झीज होती, आणि झीज भरून मिळत नाही. त्याला एक जुनी थंडी आठवली. लग्न नवं होतं, खोली लहान, आणि पाय गार असायचे ते तिचे. पांघरुणात शिरली की ती आपली बर्फगार पावलं मुकाट्यानं त्याच्या पोटऱ्यांना लावायची आणि तो ओरडायचा, “काढ ती लादी!” आणि ती काढायची नाही. हळूहळू पावलं त्याच्याच ऊबेएवढी व्हायची आणि मग कुठली कुणाची ते कळायचं नाही. तेव्हा पोटऱ्या त्याच्या होत्या. ती ऊब कुठं गेली? केव्हा? कोणत्या तारखेला तपासणी करायला हवी होती?

शेवटी त्यानं ठरवलं ते त्याच्या धंद्याला धरूनच. दुकानदार म्हणतो माल या कपाटात होता. खरं काय ते कळायला माल हलवून बघावा. पुढच्या वर्गाला तो मुद्दाम जरा आधी वर गेला. बायको टोपल्यांपाशी ब्लँकेटं मोजत मऊताईशी बोलत होती. सुस्कारे दाराशी आपल्या जागेवर मांडी घालून आधीच मोकळे होत होते.

“आज जरा जागा बदलता का?” तो खाली वाकून म्हणाला. “खांबापाशी मला गुदमरल्यासारखं होतं.”

“अहो, विचारायचं काय त्यात, साहेब.” सुस्कारे तत्परतेनं उठले, इतक्या तत्परतेनं, की त्याला किळस आली. “ही जागा म्हणजे एकदम हवेशीर. मीच म्हणणार होतो तुम्हाला, तुम्ही फार आत ओढून घेता श्वास. सोडत नाही. परवा मी मिसेसना म्हटलं, साहेबांचं सगळं आत राहतं.”

“माझ्या मिसेसना?”

“आमच्या मिसेसना म्हटलं हो.” आणि ते आपली मॅट गुंडाळून, जाताना त्याच्या खांद्यावर थाप मारून, खांबाकडं गेले. मागून बघताना त्याला पहिल्यांदाच दिसलं की या माणसाची पाठ, ती मानेखालची गोलाई, उजवीकडं कललेली चाल, सगळं कुठंतरी बघितलेलं आहे. दुकानांच्या काचांत. त्यानं मान वळवली.

बायकोची मॅट खिडकीकडच्या पहिल्या ओळीत, पाठ इकडं, आणि तिथं ‘हाऽऽ’ कुठल्या टोकाचा ते कळत नसे. हात वर गेले, खाली आले. मान इकडं, मान तिकडं. हॉलभर तोच सावकाश, आज्ञाधारक मूर्खपणा, आणि खांबापाशी ‘हाऽऽ’. मग दिवे गेले. खिडकीपाशी एक लहानसा दिवा राहिला, त्याचा उजेड भिंतीपर्यंत पोचत नसे. त्यानं पट्टी डोळ्यांवर घेतली, ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं. इथं सगळेच तसं ओढत, मढ्यांसारखे एका रंगाचे होत. खांबापाशी आता शांतता होती. मोज्यांमधली पावलं ओळीच्या त्या टोकाकडून येऊ लागली. थांबली, सरसरलं, पुढं. थांबली, सरसरलं, पुढं. खांब. ‘कट’. आणि मग काही नाही.

तो ऐकत राहिला. काही नाही. कुठं ब्लँकेट हलत नव्हतं, पाऊल उठत नव्हतं. मऊताई खिडकीकडून पोटाबद्दल काही बोलली, मग छातीबद्दल, मग गळ्याबद्दल, आणि अजून खांबापाशी काही नाही. चार मॅटांच्या पलीकडं त्याची बायको त्या चष्मेवाल्याचे पाय हातांत घेऊन अंधारात बसली होती. तर असं होतं. खांबापाशी अंधार होता आणि तिला टेकायला बरं पडत होतं. जो तिथं पडेल त्याचे पाय. किंवा मग, हे त्याहून वाईट, पायांशी बसायला तिला कुणीही चालत होतं. आणि त्यानं त्या ऊबेवर केवढं घर बांधलं होतं. आधी त्या पोरीचं, मग हिचं. भरपाईची एवढी खोटी मागणी त्यानं आयुष्यात कुणाची मंजूर केली नव्हती. शेवटी ‘कट’ वाजलं, मधल्या मॅटांपाशी ब्लँकेटं सरसरली. पावलं आली. त्याच्या पायांशी थांबली, ब्लँकेटची कड खोचली गेली, एक हात पावलांवरून झाडल्यासारखा गेला, आणि संपलं. ती पुढं गेली. पुढं फक्त दार होतं. त्याची पावलं मोज्यांत लादीसारखी पडून राहिली.

गाडीत बायको काहीतरी गुणगुणत होती, आणि सिग्नलच्या आधीच तिनं पिशवी मागच्या सीटवर टाकली, जे ती खुशीत असली की करायची.

“एक सांगू? हसणार नसाल तर.”

“सांग.”

“आज तुमचे पाय गरम होते.”

सिग्नल लाल झाला, त्यानं ब्रेक दाबला.

“खरंच हो. मी हात लावला आणि मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणापाशी बसलो की काय.” ती हसली. “इतके दिवस मी त्या खांबाशी बसते, गार ते गारच. गरम होईपर्यंत सोडायचं नाही असं मी ठरवलेलं, पण माझेच हात गार व्हायचे आणि ताई उठायची खूण करायची. आणि आज हात लावायच्या आधीच गरम. मग म्हटलं, आज नुसतंच बसू या जरा. खूप बरं वाटलं मला. डॉक्टर म्हणाला होता ना, नियमित करा, फरक पडेल. तुम्ही एवढी नावं ठेवता, पण चुकवला नाहीत एकही दिवस. ताईलासुद्धा सांगितलं मी.”

“काय म्हणाली?”

“छान म्हणाली.”

“दुसरं काय म्हणणार.”

“तुम्हाला जाणवतंय का पण? पायांत?”

मागून कुणीतरी हॉर्न दिला. त्यानं गाडी पुढं घेतली. बुटात त्याची बोटं एकमेकांना चिकटून बसली होती, ओल्या भांड्यांसारखी गार. सांगून टाकणं एका वाक्याचं काम होतं. ते सुस्कारे होते. मी दाराशी होतो. त्या एका वाक्यात तिची आजची संध्याकाळ गेली असती, आणि त्याबरोबर हेही बाहेर आलं असतं की त्यानं माल हलवून बघितला. ती त्याच्यासाठी बसली होती. प्रत्येक वेळी त्याच्यासाठी, आज तर सगळ्यात जास्त. आणि पाय दुसऱ्याचे आहेत हे तिला कळलं नव्हतं. गुडघ्याच्या एका आवाजावरून त्यानं तिला अंधारात ओळखलं होतं, आणि तिनं त्याचा पाय हातात धरून ओळखला नव्हता. त्या दोंदिल, उसासणाऱ्या, सगळ्यांना थाप मारणाऱ्या माणसात आणि त्याच्यात तिच्या हातांना ऊबेखेरीज काही फरक सापडला नव्हता. यातलं आधीचं किती आणि आजचं किती, हे वेगळं काढायला त्याच्याकडं हत्यार नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “जरा जाणवतंय.”

“बघा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपल्या खोलीचं दार लोटून कडक गादीच्या काठावर बसला आणि त्यानं पायांची बोटं आत घेतली, बाहेर सोडली. आत, बाहेर. मग घोटे गोल, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मऊताई वर्गाच्या सुरुवातीला करून घ्यायची तेच, ज्या वेळी तो छताकडं बघत पावलं हलवल्यासारखं करायचा. खोटी मागणी मंजूर होऊन गेली होती, आता मागाहून तिला शोभेल असा माल जमवायचा होता. असे लोक त्यानं कितीतरी पकडले होते. आग लागून गेल्यावर रात्रीतून गोदामात जुनी कपाटं आणून जाळणारे. आपलं पोट मांडीवर टेकतंय, बोटं आपलं ऐकत नाहीत, करंगळी तर मेलेलीच आहे, हे बघून त्याला हसू आलं, आणि ते हसू दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेलंच होतं. दार उघडलं.

“काय करताय?” बायको म्हणाली.

“मोजा शोधतोय.”

तिनं त्याच्या पायांकडं बघितलं, दोन्ही पायांत मोजे होते, आणि ती दार ओढून घेऊन गेली. वर्गाच्या दिवसापर्यंत तो रोज मोजा शोधत राहिला.

वर्गात सुस्काऱ्यांनी लांबूनच हात केला. “काय साहेब, हवेशीर की खांब?” तो म्हणाला, “खांब,” आणि त्यांनी अशी मान डोलवली, जणू हे त्यांना आधीच माहीत होतं. तो आपल्या जागी आला. सगळं झालं. सगळे आडवे झाले, दिवे गेले, काळं कापड डोळ्यांवर आलं. त्यानं ब्लँकेटखाली शेवटच्या क्षणापर्यंत बोटं आत-बाहेर केली, आणि मोज्यांत त्यांना चाचपून बघितलं, एक पाऊल दुसऱ्या पावलावर ठेवून. गार होती. थोडी कमी असतील कदाचित. पण तसं मागणारा नेहमीच म्हणतो. पावलं आली. थांबली, सरसरलं, पुढं. ‘कट’.

हात पावलांना लागले आणि जागच्या जागी थबकले. मग अगदी हलका, ओठांतल्या ओठांत, ‘च्च’ असा आवाज झाला. तो त्याच्या ओळखीचा होता; दूध नासलं की ती तसं करायची, नासवणाऱ्यावर न चिडता. आता ती उठेल, त्याला वाटलं. ठरवलेलं सगळं फुकट गेलं म्हणून उठेल, आणि तिचं चुकलं असं म्हणता येणार नाही. पण दुसरा गुडघाही टेकला. ब्लँकेट वर सरकलं. तिनं त्याची पावलं उचलून आपल्या मांडीवर घेतली, अंगठे त्या खळग्यात ठेवले आणि भिंतीला पाठ टेकल्याचा आवाज आला. ती मुक्कामाच्या बेतानं बसली होती, लांबची बस पकडून जागा मिळाल्यावर माणूस बसतं तशी. तिकडं खिडकीपाशी मऊताई पोटाबद्दल बोलत होती, मग छातीबद्दल, मग गळ्याबद्दल. गरम झाले तर ती खूश होईल आणि पुढं जाईल. गार राहिले तर बसेल. त्यानं हिशेब मांडायला घेतला, आणि तो मांडत असतानाच, त्याला काही कळायच्या आत, त्याच्या तोंडातून हॉलभर ऐकू जाईल असा एक श्वास बाहेर पडला: हाऽऽ.

दाराकडच्या टोकाला कुणीतरी समाधानानं खाकरलं. पुढच्या मॅटवर हेडबाईंची मान वळल्याचं त्याला कापडातूनही कळलं.

“छान,” मऊताई म्हणाली. “असाच. मऊ.”

त्याला तिचा, नेहमीप्रमाणे, संताप आला. पाय मात्र त्यानं जिथं होते तिथंच ठेवले.